लाभार्थ्यांच्या जाहीर यादीत पूर्ण आधार क्रमांक असावा का?

कोरडवाहू (प्रश्न)

नमस्कार. माझे सासर मराठवाड्यातील एका लहान गावात आहे. गेल्या महिन्यात तिथल्या ग्रामपंचायतीच्या फलकावर एका शासकीय योजनेतील लाभार्थ्यांची यादी लावण्यात आली. यादीत सुमारे एकशे चाळीस नावे होती. प्रत्येक नावासमोर गट क्रमांक आणि मंजूर रक्कम होती, ते योग्यच आहे. परंतु त्यापुढील रकान्यांत मोबाइल क्रमांक, बँकेचे नाव, खाते क्रमांक आणि बारा आकडी आधार क्रमांक, हे सगळे एकही आकडा न झाकता छापलेले होते. त्याच संध्याकाळी गावातील एका मुलाने यादीची छायाचित्रे काढून गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. त्याचा हेतू चांगलाच होता, कारण कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या माणसांनाही आपले नाव आले की नाही हे कळावे, एवढेच त्याला वाटत होते. त्या गटात आज चारशेहून अधिक सदस्य आहेत आणि त्यांतील कितीतरी जणांना मी ओळखतही नाही.

माझ्या सासऱ्यांचे वय ७४ आहे. यादीत नाव पाहून त्यांना आनंद झाला आणि तो मला मोडवेना, म्हणून त्यांच्याशी मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना मात्र भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की यादी लावली नाही तर लोक घोळाचा संशय घेतात, माहिती अधिकार कायद्यानुसार ती जाहीर करणे भागच आहे आणि वरून जशी आली तशीच त्यांनी ती लावली आहे. गृहस्थ प्रामाणिक आहेत आणि त्यांना अडचणीत आणण्याची माझी अजिबात इच्छा नाही. तरीही त्यांचे उत्तर मला पटलेले नाही.

शासकीय यंत्रणेने नागरिकांचे आधार क्रमांक असे भिंतीवर लावू नयेत, असे स्पष्टपणे सांगणारा नियम आहे का? असेल, तर यादीची पारदर्शकता राखून नेमके काय झाकायचे आणि काय उघडे ठेवायचे? आणि जे आधीच चारशे जणांच्या मोबाइलमध्ये पोहोचले आहे, त्याबाबत आता काय करता येईल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

न्यायवाट

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे आणि त्यात संदिग्धता नाही. आधार कायदा, २०१६ च्या कलम २९ मधील चौथ्या पोटकलमाने आधार क्रमांक, व्यक्तिविषयक माहिती आणि छायाचित्र जाहीरपणे प्रसिद्ध किंवा प्रदर्शित करण्यास मनाई केली आहे. अपवाद फक्त विनियमांत, म्हणजे कायद्याखाली केलेल्या तपशीलवार नियमांत, नमूद केलेल्या कारणांचा. परंतु आपल्या प्रकरणात त्याहून उपयोगी आहेत ते माहितीच्या देवाणघेवाणीविषयी त्याच वर्षी काढलेले विनियम. त्यांतील सहावा विनियम केवळ आधार प्राधिकरणाला किंवा बँकांना लागू नसून ज्या कोणा व्यक्तीकडे, संस्थेकडे वा यंत्रणेकडे आधार क्रमांक आहेत त्या सर्वांना लागू आहे, आणि असे क्रमांक असलेली कोणतीही नोंद जाहीर करायची झाल्यास आधी ते क्रमांक काढून टाकले किंवा काळे केले पाहिजेत, असे तो सांगतो. हे बंधन छापील आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही नोंदींना आहे, त्यामुळे ‘आम्ही संकेतस्थळावर टाकले नाही, फक्त फलकावर लावले’ हा बचाव टिकत नाही.

पाचवा विनियमही वाचण्याजोगा आहे. आधार क्रमांक घेणाऱ्या यंत्रणेने तो कशासाठी घेत आहोत, देणे बंधनकारक आहे की ऐच्छिक, आणि ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग आहे का, हे नागरिकाला सांगायचे असते. सांगितलेल्या कारणापलीकडे तो वापरायचा नसतो. आपल्या सासऱ्यांनी क्रमांक दिला तो अनुदान त्यांच्याच खात्यात जमा व्हावे म्हणून. भिंतीवरील यादी हे कारण त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

आता माहिती अधिकाराविषयी. त्या कायद्याच्या कलम ४ नुसार अनुदान कार्यक्रम कसे राबवले, किती रकमा दिल्या आणि लाभार्थी कोण, याचा तपशील संबंधित शासकीय कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा आहे. ‘तपशील’ या शब्दाचा अर्थ अनेक कार्यालये ‘तक्त्यातील सगळे रकाने’ असा घेतात आणि तिथेच चूक होते. पैसा कोणाला व किती मिळाला, हे जनतेला कळले पाहिजे. त्यासाठी खाते क्रमांक लागत नाही आणि आधार क्रमांक तर मुळीच लागत नाही. हा गैरसमज आपल्या गावापुरता नाही. २०१७ मध्ये आधार प्राधिकरणानेच माहिती अधिकारातील एका उत्तरात मान्य केले होते की केंद्र व राज्य शासनाच्या विभागांच्या आणि काही शैक्षणिक संस्थांच्या मिळून सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांच्या याद्या आधार क्रमांकांसह उघड्या पडल्या होत्या. त्या नंतर काढण्यात आल्या.

शिक्षेची तरतूदही आहे. ओळखविषयक माहिती हेतुपुरस्सर अनधिकृत व्यक्तीकडे उघड करणाऱ्यास कलम ३७ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पूर्वी अशी तक्रार न्यायालयात फक्त प्राधिकरणालाच करता येत असे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर संबंधित नागरिकालाही ती करता येते. मात्र ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि आपण वर्णन केलेल्या अधिकाऱ्यांचा तसा हेतू दिसत नाही. म्हणून माझा सल्ला असा की प्रथम ग्रामपंचायतीस लेखी अर्ज द्यावा, त्यात कलम २९(४) आणि सहावा विनियम यांचा उल्लेख करावा, प्रत गटविकास अधिकाऱ्यांना द्यावी आणि दोन्हीकडून पोच घ्यावी.

जुना दप्तरी

मी पंचायत समितीत ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. कायद्याचे न्यायवाट यांनी सांगितले, मी टेबलावर प्रत्यक्ष काय घडते ते सांगतो, कारण ते समजल्याशिवाय ही चूक थांबणार नाही.

योजनेची रक्कम खात्यात जमा करण्यासाठी एक तक्ता तयार होतो. त्यात नाव, खाते, आयएफएससी, आधार, मोबाइल हे सगळे असावेच लागते, कारण एक आकडा चुकला तरी रक्कम परत येते आणि लाभार्थी महिनोन्‌महिने हेलपाटे घालतो. हाच तक्ता मंजुरीसाठी वर जातो, मंजूर होऊन खाली येतो, आणि ‘यादी प्रसिद्ध करावी’ असा शेरा आला की संगणकचालक त्याचीच छापील प्रत काढून फलकावर लावतो. प्रसिद्धीसाठी दुसरा तक्ता करायचा असतो, हे त्याला कोणी शिकवलेले नसते आणि पत्रातही तसे लिहिलेले नसते. यात दुष्टपणा कुठेच नाही, पण दीडशे घरांचे नुकसान होण्याइतकी बेफिकिरी नक्कीच आहे, आणि ती मी स्वतःही अनेक वर्षे केली आहे, हे इथे कबूल करणे मला आवश्यक वाटते.

या सवयीचे एक कारण इतिहासात आहे. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. कायदा झाला २०१६ मध्ये. मधली साडेपाच वर्षे कार्यालयांनी अर्जांवर, हजेरीपटांवर, शिधापत्रिकांच्या नोंदवहीत, जिथे जागा मिळेल तिथे हा क्रमांक लिहून घेतला, आणि तो कसा जपायचा हे सांगणारा कायदा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. पुढे विनियम आले, क्रमांक सांकेतिक स्वरूपात वेगळ्या सुरक्षित साठ्यात ठेवून कामकाजात केवळ संदर्भ क्रमांक वापरावा, असे प्राधिकरणाचे परिपत्रकही २०१७ मध्ये आले. परंतु तालुक्याच्या टेबलापर्यंत अशी पत्रे आवक-जावक नोंदवहीतून पोहोचतात आणि फाइलीला लागतात.

उपाय मात्र परदेशातून आणायला नको. २०१९ साली जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत गावोगावी याद्या लागल्या होत्या, त्या आठवून पाहा. त्यांत शेतकऱ्याच्या नावासमोर एक ‘विशिष्ट क्रमांक’ होता. शेतकऱ्याने तो घेऊन बँकेत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात जायचे आणि तिथे आधार प्रमाणीकरण करायचे, अशी ती रीत होती. अतिवृष्टीच्या अनुदानाच्या याद्याही अलीकडे अशाच विशिष्ट क्रमांकाने लागतात. त्या क्रमांकाचा त्या योजनेबाहेर कोणालाही काडीचा उपयोग नसतो, त्यामुळे यादी गावभर फिरली तरी बिघडत नाही. जी रीत कर्जमुक्तीला जमली, ती इतर योजनांना का जमू नये, हा प्रश्न ताईंनी गटविकास अधिकाऱ्यांना अवश्य विचारावा.

एक पुरवणी. फलकावरचा कागद सगळ्यांना दिसतो, परंतु अर्जांना जोडलेल्या आधारच्या झेरॉक्स प्रतींचे गठ्ठे कपाटावर उघडे पडलेले असतात आणि मुदत संपल्यावर त्यांतील काही सरळ रद्दीत जातात. ते नष्ट कसे करतात, हेही विचारून घ्या.

हजेरीपट

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी बव्हंशी सहमत आहे, तरीही एक भीती व्यक्त केल्यावाचून राहवत नाही. मी रोजगार हमीच्या मजुरांबरोबर बरीच वर्षे काम केले आहे. हजेरीपट आणि मजुरीच्या याद्या उघड्या होत्या म्हणूनच आम्हाला मृत माणसांच्या नावे काढलेली मजुरी सापडली, गावात कधीच न राहिलेल्या लोकांची नावे सापडली, एकाच घरात दाखवलेली सात जॉबकार्डे सापडली. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने कलम १७ खाली सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपवले ते याचसाठी. यादी वाचणारा शेजारीच खरा लेखापरीक्षक असतो.

ही भीती आता वाढण्याचे कारण म्हणजे २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ञ) बदलले, आणि ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. पूर्वी खासगी माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती उघड केल्याने विनाकारण खासगीपणाचा भंग होईल, हे दाखवावे लागे. आता ‘ही व्यक्तिगत माहिती आहे’ एवढे म्हटले तरी नकार देता येतो. व्यापक जनहित दाखवून माहिती मिळवण्याचे कलम ८(२) शिल्लक आहे, पण त्यासाठी अपिलापर्यंत लढावे लागते आणि तेवढी उसंत मजुराला नसते.

म्हणून ताई, आपल्या अर्जाची भाषा जपून ठेवा. ‘ही यादी काढून टाका’ असे लिहिलेत, तर उद्या ती कायमची कपाटात जाईल आणि त्याचे कारण म्हणून आपलाच अर्ज दाखवला जाईल. ‘आधार, खाते आणि मोबाइल हे रकाने वगळून हीच यादी त्याच ठिकाणी पुन्हा लावा’ असे लिहा. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वस्ती, गट क्रमांक, कामाचा प्रकार, रक्कम आणि दिनांक एवढे उघडे असलेच पाहिजे. एकाच नावाची दोन माणसे निघाली तर वेगळेपणासाठी शेवटचे चार आकडे पुरतात. प्राधिकरण स्वतः जे झाकलेले आधार देते त्यातही पहिले आठ आकडे लपवून शेवटचे चारच दाखवलेले असतात.

अंगठा आणि खाते

मी ग्राहक सेवा केंद्र चालवतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. आमच्याकडे आधारवर पैसे काढताना ग्राहकाला तीन गोष्टी लागतात: आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट. पासबुक लागत नाही, सही लागत नाही, ओटीपीही लागत नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी ही फार मोठी सोय आहे, एरवी त्यांना पंधरा किलोमीटरवरील शाखेत जावे लागले असते. परंतु ताईंच्या गावातल्या यादीने या तीनपैकी दोन गोष्टी एकाच ओळीत छापून दिल्या आहेत. उरतो तो ठसा. २०२३ मध्ये कोलकात्यात खातेदारांचे पैसे परस्पर काढल्याची जी प्रकरणे गाजली, त्यांत नोंदणीकृत दस्तांवरील अंगठ्यांच्या ठशांवरून नकली ठसे बनवल्याचे तपासात पुढे आले होते. म्हणजे ठसा मिळवणे अवघड असले तरी अशक्य नाही, आणि जमिनीचे व्यवहार केलेल्या प्रत्येक शेतकऱ्याचे ठसे कुठल्या ना कुठल्या दस्तावर आहेतच.

त्यामुळे सासऱ्यांचे बायोमेट्रिक आजच कुलूपबंद करा. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून ते होते, फक्त त्यांचा मोबाइल आधारला जोडलेला हवा. पैसे काढायच्या दिवशी तेवढ्यापुरते उघडता येते. तिथेच गेल्या सहा महिन्यांत त्यांचे आधार कुठे-कुठे तपासले गेले याची नोंदही पाहता येते; अनोळखी नोंद दिसली तर १९४७ या क्रमांकावर तक्रार करा आणि बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा. यापुढे कोणी क्रमांक मागितला तर सोळा आकडी आभासी क्रमांक द्यावा. तो हवा तेव्हा बदलता येतो, आधार क्रमांक मात्र बदलून मिळत नाही.

गावातील सगळ्यांचा मोबाइल आधारला जोडलेला नसतो, ही खरी अडचण आहे. आमच्या गावात मी वृद्धांची यादी करून त्यांना आधार केंद्रावर नेले होते. दोन दिवस गेले, पण काम झाले.

हडसनकाठ

मी गेली बावीस वर्षे न्यू जर्सीत राहतो. इथला अनुभव थोडक्यात सांगतो, कारण क्रमांक आधी आणि बंधने नंतर हा क्रम इथेही तसाच होता. सोशल सिक्युरिटी क्रमांक १९३६ पासून दिले जाऊ लागले, ते केवळ निवृत्तिवेतनाच्या हिशेबासाठी. हे कार्ड ओळखपत्र म्हणून वापरण्यासाठी नाही, अशी सूचना १९४६ पासून कार्डावर छापली जात असे, तरी तो सर्वत्र मागितला जाऊ लागला आणि १९७२ मध्ये ती सूचनाच काढून टाकण्यात आली. मग १९७४ च्या गोपनीयता कायद्याच्या कलम ७ ने शासकीय यंत्रणांवर बंधन घातले: कायद्याने तसे सांगितलेले नसेल, तर क्रमांक दिला नाही म्हणून कोणाचा हक्क वा लाभ नाकारायचा नाही, आणि मागताना तो कोणत्या अधिकाराने मागतो, देणे सक्तीचे आहे की नाही आणि कशासाठी वापरणार हे सांगायचे. आपल्याकडील पाचव्या विनियमाशी याचे साम्य लक्षात येईल.

तरीही पन्नाशीच्या दशकात जन्मलेल्या माझ्या शेजाऱ्यांच्या मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) कार्डावर हाच क्रमांक छापलेला असे, आणि ती कार्डे बदलून वेगळ्या क्रमांकाची द्यायला २०१८ आणि २०१९ ही साले उजाडली. नुसता नियम असून भागत नाही, प्रत्येक कागद, कार्ड आणि तक्ता एकेक करून बदलावा लागतो, हे मी इथे पाहिले आहे.

कोरडवाहू

सर्वांचे मनापासून आभार. हजेरीपट यांच्या सांगण्याप्रमाणे अर्जात ‘काढून टाका’ऐवजी ‘रकाने वगळून पुन्हा लावा’ असे लिहिले, कलम व विनियमांचा उल्लेख केला आणि दोन्हीकडील पोच घेतली. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सहावा विनियम स्वतः वाचला आणि माझ्यासमोरच यादी उतरवली. तीन रकाने कापून नवी यादी दुसऱ्या दिवशी लागली. व्हॉट्सॲप गटावरील छायाचित्रे त्या मुलाने काढली, परंतु ज्यांनी आधीच उतरवून घेतली त्यांच्याकडून ती परत येणार नाहीत. सासऱ्यांचे बायोमेट्रिक कुलूपबंद केले. त्या यादीतील ३८ जणांचा मोबाइल आधारला जोडलेला नाही, असे आम्ही घरोघरी जाऊन शोधले आणि येत्या मंगळवारी त्यांना घेऊन तालुक्याला जाणार आहोत.

येत्या ग्रामसभेत ठराव मांडावा असा विचार आहे. त्याचा मसुदा दप्तरी काकांनी करून दिला तर बरे होईल.

जुना दप्तरी

ताई, मसुदा देत आहे, गावाचे नाव आणि दिनांक घालून घ्यावा.

“ही ग्रामसभा असे ठरवते की, कोणत्याही योजनेच्या लाभार्थ्यांची यादी पूर्वीप्रमाणेच फलकावर लावण्यात येईल व ग्रामसभेत मोठ्याने वाचण्यात येईल. यादीत नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वस्ती, गट क्रमांक, कामाचा प्रकार, रक्कम व दिनांक असतील. आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक व मोबाइल क्रमांक छापले जाणार नाहीत. ओळख पटवणे आवश्यक असल्यास योजनेचा विशिष्ट क्रमांक किंवा आधारचे शेवटचे चार आकडे वापरण्यात येतील. वरिष्ठ कार्यालयाकडून आलेल्या यादीत हे रकाने असल्यास ते वगळूनच यादी प्रसिद्ध करण्यात येईल. आधारच्या छायाप्रती कुलूपबंद कपाटात ठेवण्यात येतील, आणि मुदत संपल्यावर दोन पंचांसमक्ष जाळून त्याचा पंचनामा दप्तरी ठेवण्यात येईल.”

सूचक म्हणून शक्यतो त्या ३८ जणांपैकीच एकाचे नाव घाला.